घरातल्या दर्याला नारळ

आमच्या बिल्डिंगला पाणी टँकरचं. आंघोळ एका बादलीत उरका, असं नवऱ्याचं फर्मान. पण हॉलमधल्या काचेच्या टाकीतल्या प्रवाळांना मात्र फिल्टरचं शुद्ध पाणी, त्यात खास मागवलेलं मीठ आणि पाणी गार ठेवायला वेगळं मशीन. मे महिन्यात आम्ही पंख्याखाली घामाघूम, आणि साहेब ऑफिसातून फोन करून विचारतात, "पाणी गार आहे ना गं?" आहे बाबा, आहे. तुझी मंडळी सुखात आहेत.

प्रवाळ म्हणजे दगड, असं मला वाटायचं. ही मऊ जात. पाण्यात डुलते, मनासारखं असलं की फुलते, बिनसलं की मिटते. त्यांतलं सगळ्यांत मोठं ताटाएवढं. जवळच्या हाटकेश भागातल्या, अशीच टाकी पाळणाऱ्या एका शौकिनाने दिलेला नखाएवढा तुकडा नवऱ्याने सहा वर्षं जपून वाढवला होता. शेजारच्या भाभींनी ते पाहून विचारलं, "ये फ्लावर पानी में क्यूँ रखा है?" तर हा त्यांच्याशी महिनाभर बोलला नाही.

सासूबाई दरवर्षी नारळी पौर्णिमेला चौक गावच्या किनाऱ्यावर जाऊन दर्याला नारळ वाहायच्या. गेल्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला, रिक्षातसुद्धा चढवेना. सकाळपासून त्यांचं तोंड एवढंसं झालेलं. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगते, थोडा चावटपणाही सुचला. म्हटलं, "आई, एवढा महागडा दर्या घरात असताना चौकला कशाला जायचं?"

त्या आधी हसल्या, मग गंभीर झाल्या. नवरा ऑफिसात. मी नारळाला हळदकुंकू लावलं, स्टुलावर चढून तो टाकीत बुडवला, वर चिमूटभर हळद आणि कुंकू सोडलं. सासूबाईंनी खुर्चीत बसून हात जोडले. नारळ बाहेर काढून घेतला, नारळीभात करायचा होता ना!

दुपारपर्यंत पाण्यावर पिवळट फेस आला आणि सगळी प्रवाळं मिटली. ते मोठं तर भिजलेल्या पायपुसण्यासारखं लोळागोळा होऊन पडलं.

संध्याकाळी नवरा आला. टाकी बघितली, बूट न काढता तिथेच उभा राहिला. "कोणी केलं हे?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "मी."

तो बाह्या सरसावून टाकीकडे वळला. नंतर स्वयंपाकघरात मी कुजबुजत कबुलीजबाब द्यायला गेले, तर म्हणाल्या, "गप बस. मला काय, तो चार दिवस बोलणार नाही, एवढंच."

नवऱ्याने रजा टाकली. ऑफिसातल्या साहेबांना सांगितलं, घरी तब्येत बरी नाही. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला याला अर्धा दिवस मिळाला होता! निम्मं पाणी बदललं, पाणी शुद्ध करायला कोळशाची पिशवी सोडली, तासातासाला डोकावून बघितलं. "हे गेलं तर मी टाकीच काढून टाकीन," म्हणाला, आणि त्याचा आवाज खरंच कापत होता. मला त्याची दया आली. आईशी मात्र एक शब्द नाही. सासूबाई आपलं ताट घेऊन खोलीत जेवायला लागल्या. मी रोज ठरवायची, आज सांगून टाकायचं. रोज भाजी फोडणीला टाकताना ते राहून जायचं.

सहाव्या दिवशी सकाळी त्या मोठ्या प्रवाळावर बारीक बारीक तुरे दिसले. दुपारी ते पुरतं फुललं. नवरा लहान पोरासारखा टाळ्या पिटायला लागला. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही.

"ऐक ना, ती हळद मी टाकली होती."

"माहितीये," तो टाकीवरची नजर न काढता म्हणाला. "आईचा हात खांद्याच्या वर जातो कुठे? तिची वेणीसुद्धा तूच घालतेस."

"अरे, मग सहा दिवस तिच्याशी अबोला कशाला धरलास?"

"तुझ्याशी धरला असता तर तू घर डोक्यावर घेतलं असतंस," तो म्हणाला. "आई काय, समजून घेते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चांगलं खडसावणार होते त्याला. पण सहा दिवस मी गप्प बसले होते, तेही आई समजून घेतील म्हणूनच.