बेचाळीस लांब, अठ्ठावीस कंबर

लढाई संपून दोन महिने झाले तरी गहिनीनाथ टेलरांच्या दुकानाच्या काचेवरचा ब्लॅकआउटचा काळा कागद तसाच होता. त्यांची बायको मुक्ताबाई आतल्या बाजूला काजं करत बसायची आणि रोज एकदा म्हणायची, "अहो, काढा की तो कागद. सुईत दोरा दिसंना." गहिनीनाथ रोज एकदा "काढू" म्हणायचे. एवढं झालं की दोघं आपापल्या कामाला लागायची.

श्रीरामपूरच्या मेन रोडवरच्या त्या दुकानात दोन मशिनी होत्या, एक लांब टेबल होतं आणि बाहेर एक बाक. बाकावर क्रिकेट चालायचं. समोरचा चहावाला छगन आणि कापूस मार्केटातला काटेवाला श्रीमंत हे त्या बाकाचे कायमचे धनी. मधल्या जागेत जो बसेल त्याच्या दोन्ही कानांत एकदमच दोघं बोलायचे.

गहिनीनाथ मात्र कधी बोलत नसत. मूळचे पाथर्डीकडचे. बापाबरोबर इकडं आले, मशिनीवर बसले आणि पन्नाशीला आले. बॅट हातात धरलेली नाही, पण शाळेच्या मैदानावर सामना असला की गळ्यात टेप तशीच ठेवून सीमारेषेवर जाऊन उभे राहायचे. बाकीची माणसं चेंडू बघायची. हे पाय बघायचे. पँटी शिवणारा माणूस, दुसरं काय बघणार!

कुणी विचारलंच, "मास्तर, तुमचं काय मत?" तर एकच उत्तर: "माझ्याकडं मापं हायेत. मतं बाकावर."

त्या फेब्रुवारीत पेठेचा संघ दौऱ्यावर निघाला होता. मनमाडला एक सामना, नाशिकला एक. पेठेतल्या एका दुकानदारानं पांढऱ्या ड्रिलचा तागा दिला होता आणि त्यातून बरोबर अकरा पँटी निघत होत्या. बारावी निघत नव्हती. गहिनीनाथांनी सगळ्या पोरांची मापं वहीत लिहून ठेवली. रिवाज ठरलेला होता: संघाचे सेक्रेटरी सूर्यभान यादी आणणार, यादी आली की कात्री लागणार. त्याआधी नाही. म्हणून तर अख्ख्या पेठेला संघ पहिल्यांदा कळायचा तो ह्या टेबलावर.

शनिवारची सकाळची गाडी. बुधवार गेला, तरी यादी आली नाही. दहा नावं नक्की होती. अकराव्यावर कमिटी अडली होती आणि बाकही.

"कानिफ पायजे!" छगन केटली हातात घेऊनच ओरडला. "पैल्या वव्हरात दोन चौकं हानले की समोरच्याची हवा गुल."

"आन् तिसऱ्या चेंडूला कानिफबी गुल," श्रीमंत म्हणाला. "तिथं मॅटवर खेळायचंय, छगन. काथ्याच्या मॅटवर. चेंडू छातीवर येतो. बन्सीला न्या."

"बन्सी? त्यो हमाल? आरं, त्यो उभा राह्यला की माझा च्या गार हुतो!"

"विलायतेत गेल्या साली जिंकलो ते कसं? शेवटच्या दिशी किती दमानं खेळले, रेडिओला कान लावून तूच बसला हुतास की."

"ते विलायत. हे मनमाड!"

आत टेबलाशी गहिनीनाथ खडूनं रेघा मारत होते. बन्सीला ते ओळखत होते. पाथर्डीकडून ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेला, मार्केटात पोती उचलायला राहिलेला, ताडासारखा उंच पोरगा. दुपारी काटा बंद असला की गोदामापुढच्या फरशीवर गोणपाट अंथरून तो खेळायचा. गोणपाटावरून चेंडू कसा उसळतो आणि बन्सी मागच्या पायावर जाऊन तो कसा खाली दाबतो, हे गहिनीनाथांनी कितीतरी दुपारी उभं राहून पाहिलं होतं.

गाडीला दोनच दिवस उरले, म्हणून गुरुवारी सकाळी नक्की असलेल्या दहांच्या पँटी यादीविनाच कापून झाल्या. ताग्याचा शेवटचा तुकडा टेबलावर पसरला होता. वही उघडी होती. कानिफ: अडतीस लांब, चौतीस कंबर. बन्सी: बेचाळीस लांब, अठ्ठावीस कंबर. गहिनीनाथांनी दाराकडं पाहिलं. सूर्यभान येत नव्हते. मग त्यांनी खडू उचलला, बेचाळीसवर खूण केली आणि कात्री चालवली.

दुपारी सूर्यभान आले. "मास्तर, झालं एकदाचं. अकरावा कानिफ."

गहिनीनाथांचं मशीन थांबलं. सूर्यभानांची नजर टेबलावरच्या पँटच्या कापलेल्या पायावर गेली. तो टेबलाच्या कडेवरून खाली लोंबत होता.

"हे कुनाचं? एवढं लांब?"

छगननं केटली खाली ठेवली.

मुक्ताबाई आतून पटकन म्हणाली, "चुकलं आसंल वो भाऊ. ह्या काळ्या कागदापायी काय दिसतंय हितं? वहीतली वळ चुकली आसंल."

सूर्यभान हसले. तीस वर्षांत मास्तरांची एक वीत वाया गेली नव्हती, एकदा चुकायचंच, हे त्यांना पटत होतं. गहिनीनाथांनी नुसती मान हलवली असती तरी विषय मिटला असता.

"वळ न्हाई चुकली," ते म्हणाले. "मी बन्सीची कापली. जानून."

"आता काय बोलावं!" छगन उठलाच. "टेलर टीम निवडायला लागलं! गावाकडचं पोरगं म्हनून व्हय मास्तर?"

"कुनाच्या का गावचं आसंना." गहिनीनाथांनी टेबलावरचा कापड मोजायचा लाकडी गज उचलला आणि दुकानाच्या मधोमध बॅटसारखा धरून उभे राहिले. मुक्ताबाई काज सोडून बघत राहिली. हा माणूस तिनं कधी पाहिलाच नव्हता. "हे बघा. कानिफ आसा पुढं पडतो. आपल्या मातीवर चेंडू खाली ऱ्हातो, म्हनून लागतो. मॅटवर त्यो हितं येनार." त्यांनी गळ्यापाशी बोट ठेवलं. "आन् बन्सी आसा मागं जातो. दोन म्हैनं बघतोय मी. त्याचा पाय बोलतो."

सूर्यभान म्हणाले, "मास्तर, तुमचं समदं खरं आसंल. पन यादी कमिटीची हाय. ही पँट कानिफला करता येती का ते सांगा."

"लांबी कमी करता येती. कंबर न्हाई वाढत." गहिनीनाथांनी गज खाली ठेवला. "यादी तुमची बरोबर. कात्री माझी चुकली. कानिफची मी माझ्या कापडातनं देतो."

गावाकडच्या मढीच्या जत्रेला स्वतःला नवी विजार म्हणून दिवाळीपासून ठेवलेलं कापड होतं. मुक्ताबाईनं ते ट्रंकेतून काढून टेबलावर ठेवलं.

"म्हंजी पँटी झाल्या बारा," श्रीमंत हळूच म्हणाला. "बाराव्या पँटीत कुनाला तरी घालावंच लागंल, सूर्यभानराव."

सूर्यभानांनी त्याच्याकडं पाहिलं, मग त्या लांब पायाकडं. "पानी द्यायला चल म्हनावं."

शनिवारी संघ गेला. छगन टपरी बंद ठेवून बरोबर गेला. मागं गहिनीनाथांनी दुकानात बसून एका लग्नाचे सहा सदरे शिवले. मधेच उठून त्यांनी काचेवरचा काळा कागद खरवडून काढला. मुक्ताबाईनं त्या उजेडात सुईत दोरा ओवला.

बुधवारी दुपारी छगन आणि सूर्यभान दुकानात आले. पँटींचं गाठोडं डागडुजीला आणलं होतं. छगननं तोंड उघडलं तसा गहिनीनाथांनी हात वर केला. "थांब जरा. बघू दे."

त्यांनी गाठोडं सोडलं. कानिफची पँट वर होती. जाडसर, जरा पिवळट, त्यांच्याच विजारीच्या कापडाची. धूळ होती, पण चेंडूचा एकही डाग नव्हता. त्यांनी ती बाजूला ठेवली. मग लांब पँट निघाली. उजेडात धरली. खालच्या दुमडीत काथ्याचे तांबूस तंतू अडकले होते. डाव्या मांडीवर चेंडूचे लाल गोल डाग. एक, दोन, तीन, चार. पाचवा खिशापाशी.

"किती येळ?" त्यांनी विचारलं.

"अडीच तास," सूर्यभान म्हणाले. "मनमाडला दुपारपातूर सगळी आटोपली. कानिफ दुसऱ्याच चेंडूला गेला, गळ्यावरच आला. नाशकाला मीच कमिटीला म्हनलं, बन्सीला घाला. एकोनीस रन. मॅच वाचवली, बरोबरीत सुटली."

"अडीच तासांत एकोनीस!" छगनला आता राहवेना. "मास्तर, आईशप्पथ, मला डुलकी लागली. जागा झालो तर ह्यो तिथंच!"

श्रीमंत बाकावरून नुसता हसला.

गहिनीनाथ डागांवरून अंगठा फिरवत होते. सूर्यभान जरा पुढं वाकले. "पुढच्या म्हैन्यात कोपरगाव हाय. आता तुमीच सांगा, पैला कोन घ्यावा?"

गहिनीनाथांनी पँटची घडी घातली, मुक्ताबाईकडं दिली आणि कानामागचा खडू काढला.

"यादी आना," ते म्हणाले. "मग कापतो."