यादीतून वगळलेला पाडा

ती केस आठवली की आजही घास हातातच राहतो. डहाणू-तलासरीत तेव्हा भूकंपाचे धक्के रोजचे झाले होते. लोक घराबाहेर झोपायचे. एका परदेशी संस्थेने मदतीच्या ताडपत्र्या आशागडच्या गोदामात पाठवल्या होत्या. त्यातल्या चाळीस गायब झाल्याची फिर्याद आमच्या डहाणूच्या ठाण्यात आली.

खबऱ्या म्हणाला, "साहेब, माल वेवजीकडच्या एका पाड्यात गेलाय. गोदामाच्याच टेम्पोने."

मी गोदामपालाला उचललं. चाळिशीतला, गरीब चेहऱ्याचा माणूस. असलेच जास्त मुरलेले असतात, हा माझा तेव्हाचा समज. टेबलावर दांडका आपटून विचारलं, "कुणाला विकल्यास?"

"विकल्या नाहीत साहेब, वाटल्या. स्वतः बघून या."

थापा मारतोय म्हणून चिडूनच गेलो. पाड्यात घराघरापुढे निळी ताडपत्री होती. पैसे कुणाकडूनच घेतले नव्हते. एका बाईने पडलेली भिंत दाखवली. "सासू हिच्याखाली गेली. दुसऱ्या दिवशी त्या गोदामातल्या भाऊंनी ताडपत्र्या आणल्या."

"आधी का नाही मिळाल्या?"

"आमच्या पाड्याचं नावच नव्हतं ना साहेब यादीत!"

परतल्यावर संस्थेची वाटपाची यादी मागवली. पाड्याच्या नावावर लाल रेघ आणि पुढे शेरा: 'संवेदनशील. पथक पाठवू नये.' आधार म्हणून पोलिसांचं पत्र जोडलेलं. त्याखाली सही माझी.

आदल्या वर्षी मी तलासरीला होतो. जमीन मोजणीच्या वेळी दोघा-तिघांनी दगड मारले, आणि मी रागाच्या भरात अख्खा पाडा संवेदनशील लिहून मोकळा झालो.

मला तर हे कळायला हवं होतं. मी वर्षभर परदेशात शांतता मोहिमेवर राहून आलेला माणूस. त्या युद्धग्रस्त देशात मदत जायची शांत शहरांत. जिथे गोळीबार, तिथल्या नकाशावर लाल खूण, ट्रक माघारी. तिथल्या साहेबांना मी मनसोक्त शिव्या घालायचो.

गोदामपालाला विचारलं, "पत्र माझं आहे, हे ठाऊक होतं तुला?"

"हो साहेब. पण तुमच्या तोंडावर कसं सांगणार?"

त्याच्यावर गुन्हा शाबीत झाला. नोकरी गेली, तुरुंगवास झाला. माणसांना धोकादायक ठरवताना त्यांना स्वतःला कसला धोका आहे, हेही लिहायचं असतं, एवढं मी शिकलो. कोर्टात मी साक्ष दिली. विचारलं तेवढं सगळं खरं सांगितलं. त्या पत्राबद्दल कुणी विचारलं नाही, आणि मीही तोंड उघडलं नाही.