कोरियातलं आपलं झाड

निर्णा गावातल्या माझ्या आत्याचा फोन आला की मला आधी तिचा कान दिसायचा. व्हिडिओ कॉल असला तरी ती मोबाइल कानालाच लावायची आणि कोरियातल्या आमच्या प्रयोगशाळेत पडदाभर तिची बुगडी हलायची. पहिला प्रश्न ठरलेला, "झाड कसं हाय? तुझं मागून सांग."

आईमागं मला तिनंच वाढवलं. पोरांशी मराठी, बाजारात उर्दू आणि म्हशीशी कानडी, असा तिचा कारभार. म्हैस हुमनाबादच्या बाजारातली, तिला मराठी कळत नाही, यावर ती ठाम होती. अद्रकीच्या वाफ्याशी मात्र ती तिन्ही भाषांत भांडायची. पानं पिवळी पडली की मूळ उपटून धुवायची आणि त्यावरच्या गाठी मला दाखवायची. त्या गाठींत डोळ्यांना न दिसणारे किडे असतात हे मी नंतर कॉलेजात शिकले आणि त्यांच्याच मागं लागून परदेशी पोचले.

तिथं असलेच सुतासारखे किडे पाइनच्या खोडात शिरतात, आतलं पाणी तुटतं आणि उभं झाड वाळतं. आम्ही जिवाणू वाढवून त्यांनी तयार केलेलं एक द्रव्य वेगळं काढायचो आणि ते औषध म्हणून रानात प्रयोगासाठी निवडलेल्या एका पाइनच्या खोडात टोचायचो. हे समजावलं तेव्हा आत्या म्हणाली, "काट्यानं काटा काढायलीस म्हण की." मग त्या झाडाला फळ काय येतं ते विचारलं. खाण्यासारखं काही नाही म्हटल्यावर, सावली तर देतं ना, म्हणून तिनं ते पदरात घेतलं. तेव्हापासून ते आपलं झाड. गावात येणाऱ्याजाणाऱ्याला ती त्याची खुशाली सांगायची.

ते झाड मेलं. प्रयोगशाळेतल्या बशीत किडे पटापट मरायचे, पण खोडात औषध वरपर्यंत चढलंच नाही. शेंडा तांबूस झाला, मग सगळंच. हे काम आपल्याच्यानं व्हायचं नाही, परत येते, एवढंच सांगायला मी आत्याला फोन लावला. सामान आवरायलाही घेतलं होतं.

तिनं आधी मी जेवले का ते विचारलं. आमच्याकडं मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे कडू भाकरी आणतात आणि बळेच खाऊ घालतात. परमुलखात मला ती कोण आणून देणार, याची तिला काळजी.

"मी हितं भाकरी घिऊन बसते. तू तिथं काय आसंल ते घे. आन् तिसऱ्या दिवशी कामाला लाग. मानूस गेलं तरी रान थांबत न्हाई, बाई."

तिच्या चावण्याचा आवाज ऐकत मी शिळा भात खाल्ला. रडत होते, पण खाल्ला. सामान पुन्हा कपाटात लावलं.

पुढच्या वर्षी आत्या गेली. मला पोचता आलं नाही. तिसऱ्या दिवशी मी रानात गेले आणि नव्या झाडाला औषध टोचलं. वरपर्यंत चढावं म्हणून या खेपेला ते पातळ केलेलं होतं.

ते झाड जगलं. हे ऐकायला आत्या हवी होती.