आधी काचबिंदू लिहा

विज्ञान शिकवणाऱ्या निमसे सरांना मी प्रथम पाहिले ते पाठमोरे. किन्हवलीच्या शाळेत संस्कृत शिकवायला रुजू झालो त्या दिवशी, भर उन्हात, मैदानात दुर्बिणीजवळ उभे राहून हे गृहस्थ जमिनीकडे टक लावून पाहत होते.

"काही हरवलं का?" मी विचारले.

"सूर्य शोधतोय."

दुर्बिणीची सावली जमिनीवर सगळ्यांत लहान झाली की सूर्य नळीत येतो, वर बघायचे नसते, हे मला तेव्हा कळले. उगवत्या, मावळत्या, मध्यान्हीच्या बिंबाकडे पाहू नये, एवढे आमच्या शास्त्रांनी शिकवले होते; पाहायची सोय सरांनी केली.

नव्वदच्या दशकात शहापूर-मुरबाडच्या पाड्यापाड्यांवर त्यांनी ही दुर्बीण नेली. नियम एकच. नळीच्या तोंडावरचा फिल्टर दर वेळी बॅटरीच्या उजेडावर धरून तपासायचा, मग "आधी माझा डोळा, नंतर तुमचा." म्हसाच्या जत्रेत एकदा फिल्टरला टाचणीएवढे भोक दिसले. रांग बैलबाजारापर्यंत गेलेली. सरांनी दुर्बीण आवरली.

"एवढ्याशा भोकानं काय व्हतंय, मास्तर?"

"डोळा जातो."

"मग एकच लावतो ना आमी!"

सर हसले. दुर्बीण मात्र उघडली नाही.

माझी आई ग्रहणात पाणीही घेत नसे. सरांनी वाद घातला नाही. ग्रहण सुटेपर्यंत तेही तिच्याबरोबर उपाशी बसले. पुढच्या ग्रहणाला ती आपण होऊन अंगणात आली.

निवृत्तीच्या सुमारास सरांची नजर जाऊ लागली. काचबिंदू, वडिलांनाही होता. गावाचे निदान मात्र डॉक्टरांच्या आधीच झाले होते. पाड्यावरच्या पारूबाई घरी येऊन म्हणाल्या, "मास्तर, देवाकडं टक लावलीत, त्यानं डोळं नेलं." आईबाप पोरांना दुर्बिणीकडे पाठवीनात. फिल्टर असला की डोळ्याला धोका नाही, असे जन्मभर सांगणारा माणूसच उलटा पुरावा ठरला. अंधारापेक्षा सरांना हे जास्त खुपते. साठीनिमित्तच्या या गौरवग्रंथाला संमती देताना त्यांनी मला बजावले, "स्तुती नंतर करा. आधी काचबिंदू लिहा." स्तुती माझ्याकडून आधीच थोडी झाली, सरांनी क्षमा करावी.

यंदा म्हसाला आम्ही दोघेच दुर्बीण लावून बसलो. फिल्टर मी तपासला, आधी डोळाही मीच लावला. जत्रा वळसा घालून जात होती. दुपार कलल्यावर पारूबाई आल्या.

"मोतीबिंदू काढलाय माजा. काय नाय ना व्हणार?"

"नाही," सर म्हणाले.

त्या वाकल्या. बराच वेळ गेला. "नारिंगी हाय. त्यावर मुंगी बसलीय."

"कुठं?" सरांनी तळहात पुढे केला. "यावर दाखवा."

पारूबाईंनी त्यावर बोट टेकवले. "हितं."

बाई गेल्या, तरी सरांनी तो हात बराच वेळ मिटला नाही.

सरांना साठीपुढचे उदंड, निरामय आयुष्य लाभो. आणि वाचकहो, पुढच्या जत्रेत वळसा घालू नका. नळीत पाहा आणि सूर्यावरचा डाग कुठे आहे ते सरांच्या तळहातावर दाखवा. ते वाट पाहत असतील.