केसपेपरवरचं ‘निल’

माझं निदान दोनदा झालं. पहिल्यांदा ते चुकलं, आणि चुकायला कारण माझंच सुवाच्य अक्षर.

दुसऱ्या निदानाच्या सकाळी डॉक्टर मॅडमनी जुना केसपेपर माझ्यासमोर ठेवला. म्हणाल्या, "तुम्हाला आहे तो बायपोलर डिसऑर्डर. यात मन कधी खोल खाली जातं, कधी नको इतकं वर चढतं." मग त्यांनी एका रकान्यावर बोट ठेवलं. कुटुंबात कुणाला मानसिक आजार? त्यापुढे मी लिहिलं होतं: निल. म्हणजे, कुणालाच नाही.

बाबा शेजारी बसले होते. पहिल्या वेळेसही बसले होते.

पहिल्यापासून सांगते. मी अर्नाळ्याची, मासेमारांच्या घरातली. घरातली पहिली पदवीधर. बी.एस्सी., बी.एड. करून शाळेत विज्ञान शिकवते. दिवाळीनंतर मला काही करावंसंच वाटेना. तपासायच्या पेपरांचे गठ्ठे तसेच पडून. आंघोळसुद्धा मोठं काम वाटायचं. शेवटी मीच माणिकपूरला मानसोपचारतज्ज्ञांकडे नंबर लावला. बाबा सोबत आले.

फॉर्म इंग्रजीत होता. मी तो ऐटीत भरला, बाबांना मराठीत वाचून दाखवत. त्या रकान्याशी थांबून विचारलंही. ते पंख्याकडे बघत म्हणाले, "आपल्यात नाय असलं काय. दर्यावरची मानसं आपन."

आत मॅडमनी पुन्हा विचारलं, "झोप न घेता खूप उत्साह, खूप बडबड, असं घरात कुणाचं झालंय?" बाबांनी नकारार्थी मान हलवली.

थायरॉइड बिघडला तरी माणूस असाच मलूल होतो, म्हणून मॅडमनी आधी रक्त तपासलं. ते नॉर्मल आलं. मग निदान झालं डिप्रेशन, म्हणजे नैराश्य, आणि अँटिडिप्रेसंट सुरू झाली. नैराश्य कमी करणारी गोळी.

तिसऱ्या आठवड्यात मी उठले ती उधाणासारखी. तीन तास झोप पुरायची. एम.एस्सी.चा आणि वकिलीचा, दोन्ही फॉर्म एकाच दिवशी भरले. शाळा कशी चालवावी याचं बारा पानी पत्र मुख्याध्यापिकांच्या हातात दिलं. वहिनी म्हणाली, "ताई, ती गोळी मलापन द्या ना एक!" सगळे हसलो.

बाबा हसले नव्हते. हे आता आठवतं.

मग एका सकाळी बंदरावर मी टोपल्यांच्या मधे उभी राहिले आणि आमच्या बोटीचा माल फुकट वाटायला लागले. पापलेटसुद्धा. "घ्या, घ्या! दर्या काय आपल्या बापाचा आहे?" बायका आधी हसल्या. मग मासळी विकणारी म्हातारी हिराआजी डोक्याला हात लावून ओरडली, "आगं बाय माझे! ह्यो तं काशाच परत आला!"

काशा म्हणजे काशिनाथ, बाबांचे धाकटे भाऊ. माझ्या जन्माआधी ते वादळात बोटीसह गेले, असं मी लहानपणापासून ऐकत आले. शाळेत मी ‘माझा शूर काका’ असा निबंध लिहिला होता. त्याला बक्षिसाचं प्रमाणपत्र मिळालं. बाबांनी ते फ्रेम करून भिंतीवर लावलंय.

माझ्या भावाने, दादाने, मला रिक्षात घालून मॅडमच्या हॉस्पिटलात आणलं. अकरा दिवस भरती होते. पाचव्या दिवशी डोकं जरा थाऱ्यावर आलं, आणि मॅडमनी तो केसपेपर काढला. हिराआजी काय ओरडली ते दादाने त्यांना सांगितलं होतं. बाबांना विचारलं, "काशा कोण?"

बाबांनी माझ्याकडे न बघता सांगितलं. काकांचंही असंच. झोप नाही, गाणी, मासे वाटणं. मग महिनोन्महिने भिंतीकडे तोंड. वर्षभर इस्पितळात होते. बरे होऊन आले, गोळ्या सोडल्या, आणि एक दिवस एकटेच बोट घेऊन गेले.

"वादळ नवतं त्या दिशी," बाबा म्हणाले. "पानी सपाट होतं."

मॅडम बाबांना शांतपणे म्हणाल्या, "काका, हा आजार दाखवणारी रक्ततपासणी नसते. तुम्ही सांगता तीच आमची मुख्य तपासणी." मग मला समजावलं. घराण्यात आजार असला म्हणजे तो होतोच असं नाही, शक्यता वाढते. ताण आणि झोपमोड त्याला हात देतात. पण बायपोलर असलेल्याला नुसती अँटिडिप्रेसंट दिली, तर मन कधीकधी खालून थेट वर उधळतं. आधी कळलं असतं तर औषध वेगळं निवडलं असतं.

मी बाबांना एवढंच विचारलं, "का?"

"तुजी सोयरीक बघत व्हतो, बाय. कोन हो बोलला असता?"

अख्ख्या बंदराला ठाऊक होतं. मला नव्हतं. ज्या बापाने मला शिकवलं, त्याने मला खोटा निबंध लिहू दिला, खोटा फॉर्म भरू दिला, आणि शेजारी बसून बघितलं. त्याहून जास्त फसवलं ते त्या उधाणाच्या दिवसांनी. आयुष्यातले सगळ्यात आनंदाचे दिवस, आणि तो आजार होता. आता जरा हसू आलं तरी मी आधी विचारते, काल झोपले किती?

आता मी लिथियम घेते. मन समतोल राखणारा तो एक क्षार आहे. रक्तातलं त्याचं प्रमाण ठरल्या वेळी तपासावं लागतं, पाणी भरपूर प्यावं लागतं, जेवणातलं मीठ एकाएकी कमी-जास्त करायचं नाही. सुरुवातीला हात थरथरायचा, फळ्यावर अक्षर वाकडं यायचं. आता ठीक आहे.

तुमच्याही घरात कुणी ‘वादळात गेलं’ असेल, तर विचारा. त्या दिवशी वारा होता का, ते विचारा. मी आभार मानते ते हिराआजीचे. बिनशिकलेली बाई, पण खरं तेवढं तीच बोलली.

बाबांना मी माफ केलेलं नाही. पण गेल्या महिन्यात दादाच्या मुलीला नव्या बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. फॉर्मवर तोच रकाना. दादाने ‘निल’चा एन काढलासुद्धा होता. मी पेन ओढून घेतलं.

"अगं, पोरीच्या कागदावर राहील ते," दादा कुजबुजला.

मागच्या बाकावरून बाबा म्हणाले, "लिवू दे तिला. खरं हाय ते."

मी एन खोडला. लिहिलं: आजोबांचे भाऊ, काशिनाथ. आत्या, म्हणजे मी.

अक्षर मुद्दाम मोठं काढलं.