पऱ्हाटीचा तास

आमच्या यवतमाळच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे एक सर होते. "समजलं का?" असं त्यांनी कधी विचारलं नाही. "तुले कसं समजते? ऐकून, पाहून, का हात लावून?" असं एकेकाला विचारून ते तास बेतत. मी तोतरा, म्हणून तोंडी परीक्षेला माझ्या हाती खडू देत. मी उत्तर फळ्यावर काढून दाखवी.

ढाणकी गावची एक मुलगी इंग्रजी नावं ऐकली की गप्पच व्हायची. एकदा सरांनी तिच्यापुढे मुळासकट पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं झाड, ठेवलं. पाती म्हणजे कळी, मग फूल, बोंड दाखवत ती तासभर बोलली. सर आमच्या बाकावर बसून लिहून घेत होते. घंटा झाली, तसा त्यांनी हात वर केला.

"बाई, पाती कायले गळते, ते पुन्हा सांगा न."

ती लाजली, पण खडू तिनंच उचलला.