हाराखालचं लाल बटण

विजू, तो फोन जरा डोळ्यांजवळ घे आणि अशी माझ्याजवळ सरक. तू पुण्यात, मी वटारला, तरी सरक. आधी बोलणी खा, मग पुढचं वाच.

आमची वाडी विकलेली नाही.

तुझे काका आजारी नाहीत. मी विरारला सातव्या मजल्यावर राहायला गेलेली नाही. हे सगळं तुला मला एका फोनवर विचारता आलं असतं. पण तू विचारलंस कोणाला? आमच्या शेजारणीला! मावशी धडधडीत जिवंत असताना! थांब, तुझा खरा गुन्हा तर याहून मोठा आहे. तो वेळ आली की सांगते.

झालं काय, तर आमच्या मेघनाने (सूनबाईने) गेल्या वर्षी सुकेळीच्या खोलीत एक मशीन आणून ठेवलं. जिथं केळी सुकवून पुडे बांधायचो तिथं आता लाकडावर अक्षरं कोरतात. टेबलाएवढं मशीन, त्यावर रुळांवरून मागे-पुढे पळणारा एक टोचा. कॉम्प्युटरवर नाव टाइप करायचं, अक्षरं किती उंच हवीत तो आकडा घालायचा, फळी आवळून बसवायची आणि हिरवं बटण दाबायचं. टोचा घुंऽऽ करत खाली येतो आणि तुम्ही चहा पिईपर्यंत नाव तयार. बंद करायचं असलं तर समोर एक लाल बटण, चांगलं लिंबाएवढं. या लाल बटणाकडे लक्ष ठेव.

मी सातवी शिकलेली. पण मला शिकवायला कोण हवं? दुपारी मेघनाच्या मागे स्टूल टाकून बसायचे आणि बघायचे. दोन महिन्यांत मी ‘कृपया चपला बाहेर काढाव्यात’ एकटीने कोरून दाखवलं. मेघना म्हणाली, “आई, तुम्ही माझ्यापेक्षा सफाईने करता.” (हे खोटं होतं. पण मी ते खरं धरलं.)

मग एक दिवस ह्यांनी जाहीर केलं, “आपल्या फाटकालाही पाटी हवी.” माडीवर फणसाची एक फळी पडून होती. आमच्याच वाडीतल्या, वादळात पडलेल्या झाडाची. पिवळीधम्मक. ती ह्यांनी स्वतः पुसून आणली.

“काय लिहू, बाबा?” मेघनाने विचारलं.

“वामन हरी राऊत. बस्स.”

“आणि आईंचं?”

“फाटकावर बाईमाणसाचं नाव कशाला? टपालवाल्याला सगळं ठाऊक आहे.”

विजू, मी तेव्हा नारळ खवत होते. खवता खवता बोट खवलं! पन्नास वर्षं त्या फाटकाला मी शेण-पाण्याचा सडा घातला, आणि नाव कोणाचं? सडा बघायला सुद्धा न उठणाऱ्याचं!

“माझंही नाव लागेल,” मी म्हटलं.

“बघू,” हे म्हणाले. आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे ‘नाही’. हे मला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी कळलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी मेघना फुलपाड्याला एका सोसायटीचा बोर्ड पोचवायला गेली. हे शिंपण्याला पंप लावून वाडीत गेले. मी सुकेळीच्या खोलीत शिरले आणि आतून कडी घातली. बेत अगदी साधा होता. फळीच्या तळाशी, एका कोपऱ्यात, चार बोटांचं माझं नाव आधीच कोरून ठेवायचं. वर काय ते वामन हरी बसू देत!

कॉम्प्युटरसमोर बसले आणि ‘सु’ टाइप केलं. सुमती. आणि बोट थांबलं.

ही सुमती कोण? लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलं, म्हणून मी सुमती. आणि ह्यांनी तरी ते का लिहिलं? तर सासूबाईंनी सहा पातेल्यांवर ‘सुमती’ आधीच घालून आणलं होतं, म्हणून! नाव पातेल्यांचं ठरलं होतं. मी सातवं पातेलं!

मी ते ‘सु’ पुसलं आणि माझ्या बापाने ठेवलेलं अख्खं नाव टाइप केलं. हौसा गोविंद म्हात्रे.

आता एवढं शुभकार्य, तर ते पूजेशिवाय कसं करायचं? राहुकाळ पाहिला. टळलेला होता. फळीला हळदकुंकू लावलं. मशीनपुढे नारळ ठेवला, उदबत्ती फिरवली. झेंडूचा एक हार होता. तो अडकवायला काहीतरी वर आलेलं हवं ना? एक बोंडूक दिसलं, त्याच्यावर छान दुहेरी करून अडकवला. हात जोडले आणि हिरवं बटण दाबलं.

सगळं शास्त्राप्रमाणे झालं. फक्त अक्षरांच्या उंचीचा आकडा तपासायचा राहिला. तो आकडा होता कालच्या फुलपाड्याच्या सोसायटीचा. रस्त्यापलीकडून वाचता येईल असा!

टोचा फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावायला लागला, तेव्हा माझ्या लक्षात आलं की ‘ह’ माझ्या तळहाताएवढा होतोय. चार बोटांचं नाव कुठलं, वामनरावांना उभं राहायला सुद्धा जागा उरणार नव्हती! मी लाल बटण शोधायला लागले. उजवीकडे नाही. डावीकडे नाही. टेबलाखाली वाकून पाहिलं, कंबर धरली, तिथंही नाही! काल तर इथंच होतं! भुसा उडतोय, उदबत्तीचा धूर, मी शिंकतेय, आणि गणपतीला विचारतेय, “देवा, बटण कुठे नेलंस?”

मग हाराकडे नजर गेली. दुहेरी हार. त्याच्यामागून लाल काहीतरी डोकावत होतं.

मी हार बाजूला सारला. हात बटणावर ठेवला. आणि खरं सांगते हो, विजू, खोटं कशाला बोलू, समोर पिवळ्या फणसात ‘हौसा’ पुरं झालं होतं. हाताएवढं! लग्नानंतर ते नाव मी कुठं लिहिलेलं पाहिलं नव्हतं. मी हार परत बटणावर नीट घातला आणि स्टुलावर बसून राहिले.

कोरून झाल्यावर मी कडी काढली. हे आले, फळीकडे बघत राहिले.

“हा कोण म्हात्रे?”

“तुमचे सासरे.”

“आणि हौसा?”

“त्यांची मुलगी. तुमच्याकडे दिलेली.”

“माझी फळी फुकट घालवलीस!”

“फाटक मी झाडते. पाटी मी लावणार.” आणि मेघना आल्यावर तिच्याकडून मी ती लावून घेतली. हे म्हणाले, “चार दिवस बघू.” (‘बघू’चा अर्थ वर सांगितलाच आहे.)

चार दिवस कसले, चार तास झाले नाहीत! केळीचा व्यापारी फाटकाशीच थांबला आणि ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “काका, एवढी काय अडचण होती? आम्हाला एक शब्द बोलायचा.” ह्यांना वाटलं केळीचं काहीतरी बोलतोय. संध्याकाळी एक जमिनीचा दलाल बाइकवरून आला. “म्हात्रेशेठ आहेत का? टॉवर बांधणार ना? आपल्याकडे आर्किटेक्ट आहे.” दुसऱ्या दिवशी सकाळी कोणीतरी पाटीचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकला आणि खाली हात जोडलेली चित्रं!

आणि हाच, विजू, तुझा मोठा गुन्हा. तो फोटो तुलाही आला. त्यावर गोविंद म्हात्रे लिहिलेलं तू वाचलंस. तुझ्या आईच्या बापाचं नाव, पोरी! ज्यांच्या खांद्यावर बसून तू आगाशीची जत्रा पाहिलीस! आणि तू शेजारणीला विचारलंस, “हे म्हात्रे कोण?”

दुपारी नंदाखालहून नणंद आली. रिक्षातून उतरायच्या आधीच रडत! “दादा! बाबांची वाडी रे! मला विचारलं सुद्धा नाहीस!”

“अगं शकू, विकली नाही!”

“मग हा म्हात्रे का आलाय?”

“तो म्हात्रे पन्नास वर्षांपूर्वीच आलाय! आत स्वयंपाकघरात आहे, बघ जा!”

शकूने माझ्याकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, नाक पुसलं. “वहिनी, तू हौसा? दादा, तुला माहीत होतं?”

“लग्नाच्या पत्रिकेत असेल,” हे पुटपुटले.

मग ह्यांनी आवाज चढवला. “मेघना, पाटी आत्ताच्या आत्ता काढ! गावात मला तोंड दाखवायला जागा नाही!”

“काढून दाखवा,” मी फाटकात उभी राहिले. हातात झाडू होता. (मारायला नव्हता. होताच हातात.) “गाव चुकलं तर गावाला सांगा. मी कोणाचं नाव चोरलेलं नाही. माझं तुम्ही पुसलंत, तेव्हा मी गावभर रडत फिरले होते का?”

मग शकूच हळूच म्हणाली, “मेघना, आणखी एखादी फळी आहे का गं? मी सासरी जायच्या आधी शकुंतलाच होते. तिथं मला चौतीस वर्षं वैशाली म्हणतात.”

ह्यांनी कपाळावर हात मारला आणि आत जाऊन ओटीवरच्या झोपाळ्यावर बसले.

शेवटी तोड मेघनाने काढली. त्याच फळीच्या मागच्या बाजूला ‘वामन हरी राऊत’ कोरून दिलं. आता येणाऱ्याला मी दिसते आणि जाणाऱ्याला हे. हे रोज झोपाळ्यावरून आपलं नाव वाचत बसतात आणि म्हणतात, “माझंच अक्षर जास्त उठून दिसतंय.” दिसू दे बापडं! आकडा मीच घातलाय, एक सूत कमी!

तर अशी मी जिंकले. पण एवढ्यावर थांबले असते तर ती मी कसली?

परवा मेघनाच्या मशीनचा नवा टोचा घेऊन पार्सलवाला आला. बिचाऱ्याने फाटकावरची पाटी वाचली आणि मोठ्याने हाक मारली, “हौसाबाईऽ! ओ हौसाबाई!”

मी आत भाकऱ्या थापत होते. आतूनच ओरडले, “या नावाचं इथं कोणी राहत नाही! पुढच्या घरी विचारा!”

तो गेला. टोचाही गेला. झोपाळ्यावरून हे इतके हसले की ठसका लागला, आणि पाणी मलाच द्यावं लागलं.

तेव्हा विजू, आता रुसू नकोस, या रविवारीच ये. नवी सुकेळी बांधून ठेवली आहेत. फाटकाशी उभी राहून ‘हौसा मावशी’ म्हणून खणखणीत हाक मार. आतून कोणी ‘इथं राहत नाही’ म्हणालं, तर खुशाल कडी काढ आणि आत ये. ती मीच.